स्वस्तात ई-इन्व्हॉइस सुरू करताय? या चुका टाळा

बिलाची पीडीएफ मेल केली की ई-इन्व्हॉइस झालं, हा सगळ्यात मोठा गैरसमज. खऱ्या ई-इन्व्हॉइसमध्ये माहिती ठरलेल्या रचनेत, बहुधा एक्सएमएल फाइलमध्ये असते आणि ती समोरच्याचं सॉफ्टवेअर थेट वाचतं. जर्मनीत २०२५ पासून व्यावसायिकांच्या आपसातल्या देशांतर्गत बिलांसाठी साधी पीडीएफ ई-इन्व्हॉइस धरलीच जात नाही. म्हणून फुकटचं सॉफ्टवेअर घ्यायला हरकत नाही, पण आपल्या देशात चालणाऱ्या रचनेत ते फाइल देतं का, हे आधी बघा. झुगफर्डसारख्या प्रकारात पीडीएफच्या पोटातच एक्सएमएल असते. अशी फाइल उघडून 'प्रिंट टू पीडीएफ' केली की दिसायला बिल तेच राहतं, पण आतली एक्सएमएल गळून पडते.

बिल नाकारलं गेलं की बहुतेक जण सॉफ्टवेअरला दोष देतात. माझ्या मते आधी बेरीज तपासावी. समजा १०.१० च्या तीन ओळी आहेत आणि कर ५ टक्के. ओळीनुसार कर काढून दोन दशांशांपर्यंत पूर्णांकन केलं तर ०.५१ च्या तिपटीने १.५३ होतात. एकूण ३०.३० वर काढला तर १.५२. हा एका पैशाचा फरक तपासणीत अडकू शकतो, कारण युरोपच्या ईएन १६९३१ मानकात कर त्या दराच्या एकूण रकमेवर काढायचा असतो. सेटिंगमध्ये ही पद्धत एकदा नीट निवडली की कटकट मिटते.

दुसरा चोर म्हणजे एक्सेल. ग्राहकांची यादी तिथून आयात करताना नोंदणी क्रमांकाच्या सुरुवातीचं शून्य उडतं, तेरा आकडी क्रमांकाचं '४.०१ई+१२' असं काहीतरी होतं. तो रकाना आकडे भरण्याआधीच 'टेक्स्ट' करून ठेवा. तारीखही सॉफ्टवेअर मागतं त्याच रचनेत हवी, बहुधा २०२५-०४-०३ अशी.

पेपॉलवर, म्हणजे ई-इन्व्हॉइस पाठवायच्या आंतरराष्ट्रीय जाळ्यावर, बायर रेफरन्स (ग्राहकाने दिलेला संदर्भ) किंवा ऑर्डर क्रमांक यांपैकी एक तरी लागतोच, तो ग्राहकाकडून काम घेतानाच मागून घ्या. बिल पोचतच नसेल तर ग्राहक पेपॉलवर नोंदलेला आहे का, हे त्यांच्या डिरेक्टरीत पाहा.

पोचलेल्या बिलात चूक सापडली तर ते खोडून त्याच क्रमांकाने दुसरं पाठवू नका. ग्राहकाच्या हिशेबात दोन्ही नोंदली जाऊ शकतात आणि पैसे अडकतात. आधीचं बिल रद्द करणारी क्रेडिट नोट काढा, मग नव्या क्रमांकाने बिल करा.

आणि जपून ठेवायची ती मूळ एक्सएमएल, नुसती पीडीएफ नव्हे. वर्गणी भरण्याआधी एक नमुना बिल करून त्याची एक्सएमएल डाउनलोड करून बघा. ती सोय फक्त महागड्या प्लॅनमध्ये असेल, तर दुसरं सॉफ्टवेअर शोधा.