लांब मिशांचा ‘नवा’ भुंगेरा सापडलाय? बारशाआधी या चुका टाळा

मृगाचे पहिले दोन पाऊस पडले की आमच्या प्रयोगशाळेत डबे यायला लागतात. श्रीखंडाचा डबा, गोळ्यांची बाटली, कधी काडेपेटी. आत लांब मिशांचा भुंगेरा, झाकणाला भोकं, आणि आणणाऱ्याच्या तोंडी ठरलेला प्रश्न: “सर, नवी जात असेल का हो?” यंदा एक पोरगं तर नावच ठरवून आलं होतं, ‘सोलापुरेन्सिस’. भुंगेरा अजून डब्यात चिरचिर करत होता. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

प्रश्न वेडगळ मात्र नाही. सेरॅम्बिसिडी या लांब मिशांच्या भुंगेऱ्यांच्या कुळात जगभरात ३५,००० हून अधिक जातींची नोंद झाली आहे आणि उष्ण कटिबंधातून दरवर्षी नव्यांची भर पडते. सोलापूरही कर्कवृत्ताच्या चांगलंच खाली आहे. पण नवी जात जाहीर करणाऱ्या लेखांचे माझ्याकडे वाचायला आलेले बहुतेक मसुदे नावापर्यंत पोचण्याआधीच, डब्यापाशी आणि लेबलापाशीच फसलेले होते.

(शब्दांचा घोळ आधी मिटवू. शाळेच्या पुस्तकात ‘स्पिशीज’ म्हणजे जाती आणि ‘जीनस’ म्हणजे प्रजाती. वर्तमानपत्रं बरोबर उलटं छापतात. मी इथे जात आणि जीनस असं लिहितो.)

“गहानमध्ये सापडला नाही, म्हणून नवा”

ही सगळ्यात महागडी चूक, म्हणून जरा सविस्तर सांगतो. भारतातल्या या भुंगेऱ्यांवर काम करणारा प्रत्येक जण चार्ल्स गहान यांचा १९०६ सालचा ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ मधला खंड उघडतो. उघडायलाच हवा. त्यातल्या ओळख-किल्लीवर (एकेक लक्षण विचारत नावापर्यंत नेणारा तक्ता) पोरं एकेक पायरी उतरत जातात, कुठेच जुळत नाही, आणि आनंदाने ‘नवी जात’ लिहून मोकळी होतात. गंमत अशी की त्या खंडात लॅमिनी हे उपकुळच नाही. या कुळातलं सगळ्यात मोठं उपकुळ, जगात २०,००० हून जास्त जाती, आणि पुस्तकात एकही नाही.

आता आपल्याकडे काय सापडतं ते बघा. बाभळीच्या कोवळ्या फांद्यांची साल कुरतडणारा आणि द्राक्षाच्या खोडात शिरून बुंध्याशी भुसा पाडणारा सेलोस्टर्ना स्कॅब्रेटर लॅमिनीतला. आंब्याचा भिरूड म्हणजे बॅटोसेरा रुफोमॅक्युलाटा, तोही लॅमिनीतलाच. म्हणजे पंढरपूर-बार्शीकडचा बागायतदार ज्यांना शिव्या घालतो, त्यातले दोन गहानमध्ये मिळणारच नाहीत. एकाने सेलोस्टर्ना अशा रीतीने ‘नवा’ ठरवून माझ्यासमोर ठेवला होता. मी त्याला शेजारच्या मळ्यात नेऊन मालकाला दाखवायला लावला. मालक म्हणाला, “हा तर आपला खोडकिडा.”

उपाय सोपा आहे. किल्ली उघडण्याआधी भुंगेऱ्याचं तोंड बघा. चेहरा सरळ खाली, भिंतीसारखा उभा असेल आणि तोंडाजवळच्या पाल्पांचा (छोट्या, मिशांसारख्या स्पर्शकांचा) शेवटचा पेर टोकदार असेल, तर लॅमिनीचा संशय घ्या. मग गहान बाजूला आणि श्टेफान ब्रॉयनिंग यांचे लेख पुढ्यात. या माणसाने लॅमिनीतल्या हजारो जाती लिहिल्या, पुष्कळदा चार ओळींत आणि एकाच नमुन्यावरून. तेवढ्या वर्णनावरून खात्री होत नाही, म्हणून मूळ नमुन्याचा फोटो मिळवावाच लागतो. लंडन आणि पॅरिसच्या संग्रहालयांना नम्रपणे पत्र लिहिलं तर फोटो येतात, फक्त वेळ लागतो.

आणि तुलना महाराष्ट्राच्या यादीशी करून थांबू नका. भुंगेऱ्याला राज्याची हद्द ठाऊक नसते. आपल्याकडचे कितीतरी भुंगेरे श्रीलंकेत, म्यानमारमध्ये, थेट लाओसपर्यंत आहेत आणि त्यांची नावं दीडशे वर्षांपूर्वीच पडली आहेत.

नवरा-बायकोला दोन जाती करणं

नराच्या मिशा अंगाच्या दीडपट-दुप्पट, मादीच्या जेमतेम पाठीच्या टोकापर्यंत, असं या कुळात सर्रास असतं. आकाराचंही तसंच. अळीला चांगलं जाड ओलं खोड मिळालं तर भुंगेरा बोटाएवढा, वाळक्या काटकीत वाढली तर त्याच जातीचा नखाएवढा. त्यामुळे ‘लांबी जास्त, मिशी लांब’ एवढ्यावर जात उभी करू नका. नराचं जननांग काढून बघितल्याशिवाय मी तरी मसुदा पुढे वाचत नाही. नमुना गरम पाण्यात मऊ करायचा, पोटाचं टोक सोडवायचं, कॉस्टिक पोटॅशच्या १० टक्के द्रावणात ठेवून मांस विरघळवायचं, आणि काम झालं की तो भाग ग्लिसरीनच्या इवल्या नळीत, त्याच टाचणीला. वेगळ्या डबीत ठेवलात तर वर्षभराने कोणाचं काय ते देवालाच माहीत.

लेबलावर ‘सोलापूर’ लिहून मोकळं होणं

एका कारखान्याच्या गोदामातून आमच्याकडे एक देखणा भुंगेरा आला, काळ्यावर पिवळे पट्टे. लेबलावर फक्त ‘सोलापूर, जुलै’. दोन महिने आम्ही पुस्तकं पालथी घातली. शेवटी आणणाऱ्याला सहज विचारलं, नक्की कुठे बसला होता? तर म्हणे, परदेशातून आलेल्या मशीनच्या लाकडी खोक्यावर. झालं! त्याचं सोलापूरशी नातं आपल्या चादरींपुरतं.

या कुळाच्या अळ्या लाकडात महिनोन्‌महिने, वाळक्या लाकडात काही तर वर्षानुवर्षं राहतात आणि लाकडाबरोबर जग फिरतात. आशियातला अ‍ॅनोप्लोफोरा ग्लॅब्रिपेनिस असाच खोक्यांतून न्यूयॉर्कला गेला आणि १९९६ मध्ये ब्रुकलिनच्या झाडांत सापडला. म्हणून तर आता खोक्यांचं लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवण्याचा आंतरराष्ट्रीय नियम आहे. तरी फर्निचरच्या दुकानात, वखारीत, गोदामात सापडलेला एकुलता एक नमुना हा जात जाहीर करण्याचा आधार होऊ शकत नाही.

लेबलावर गाव, तालुका, अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, तारीख, पकडणाऱ्याचं नाव, कोणत्या झाडावर आणि कसा मिळाला (दिव्यावर, फांदी झोडपून, की लाकडातून निघाला) हे सगळं हवं. तारखेत महिना रोमन आकड्यांत लिहायची पद्धत आहे, कारण ६/७ म्हणजे सहा जुलै की सात जून यावर पुढचे लोक भांडत बसतात. फोनवर पिन टाकली म्हणजे काम झालं असं नाही. फोन बदलतो, टाचणीखालचा कागद राहतो.

मिशी मोडली, डिंकाने चिकटवली

मिशीचे पेर साधारण ११, आणि पहिला मोठा की तिसरा, हे ओळखीचं लक्षण. मोडलेला तुकडा लहान कार्डावर चिकटवून त्याच टाचणीला लावा. एकाने हौसेने दुसऱ्याच नमुन्याची मिशी बसवली होती, मसुद्यात पेरांची संख्या आली १३. टाचणी उजव्या पंखकवचातून घाला, डावी बाजू शाबूत राहते. डीएनए करायचा असेल तर एक पाय आधीच ९५ टक्क्यांच्या वर असलेल्या अल्कोहोलमध्ये ठेवा. मारायच्या बाटलीतलं इथाइल अ‍ॅसिटेट डीएनए खराब करतं. आणि रंगाचं वर्णन जिवंतपणीच्या फोटोवरून लिहा, कारण अंगावरची लव तेलकट झाली की राखाडीचा काळा होतो. मुंग्यांबद्दल काय सांगू, एका रात्रीत फक्त टाचणी उरते.

नावाचं व्याकरण

आता ते ‘सोलापुरेन्सिस’. जीनसच्या लिंगाप्रमाणे शेपूट बदलतं. बॅटोसेरा स्त्रीलिंगी, म्हणून रुफोमॅक्युलाटा. स्ट्रोमॅटियम नपुंसकलिंगी, म्हणून बार्बाटम. त्या जीनसमध्ये सोलापूरचं नाव द्यायचं तर ते ‘सोलापुरेन्से’ होईल. बाईच्या सन्मानार्थ नाव असेल तर शेवटी ‘-ए’ लागतं, पुरुषाच्या नावाला ‘-आय’. स्वतःचंच नाव द्यायला नियमाची बंदी नाही, पण लोक नावं ठेवतात.

होलोटाइप (ज्या एका नमुन्याशी नाव बांधलेलं असतं तो) कोणता आणि तो कोणत्या संग्रहात आहे हे २००० सालापासून मसुद्यात स्पष्ट लिहावंच लागतं. लेख फक्त ऑनलाइन निघणार असेल तर झूबँकमध्ये (प्राण्यांच्या शास्त्रीय नावांची अधिकृत ऑनलाइन नोंदवही) आधी नोंदणी करून लेखात तसा उल्लेख करा. आपल्या जैवविविधता कायद्याप्रमाणे नव्या जातीचा नमुना नेमलेल्या संग्रहात जमा करावा लागतो. घरच्या कपाटात ठेवून चालत नाही. नान्नजच्या माळढोक अभयारण्यात तर वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय जाळीही उघडू नका.

आणि लेख छापून येईपर्यंत बातमी देऊ नका. वर्तमानपत्रात वर्णनाविना नुसतं नाव आलं तर नामकरणाच्या नियमांत त्याला किंमत नाही. उद्या तेच नाव दुसरा कोणी भलत्याच भुंगेऱ्याला देऊ शकतो.

श्रीखंडाच्या डब्यातला तो भुंगेरा लॅमिनीतलाच निघाला. जीनस लागला आहे, पुढे ‘जात क्र. १’ एवढंच लिहून पेटीत ठेवला आहे. नर एकच आहे, आणि पोरगं आता दर शनिवारी संध्याकाळी पांढरी चादर आणि दिवा घेऊन मादी शोधायला जातं.