जुन्या बाजारात मैत्रिणीसोबत जाताय? या चुका टाळा

पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. पथारीवर गंजलेले पाने, त्यांच्या शेजारी पितळेची समई, तिला टेकून मोबाईलचे चार्जर आणि त्याखाली कुणाच्या तरी लग्नाचा अल्बम. मी आणि माझी मैत्रीण गेली काही वर्षं इथे नेमाने जातो, आणि नेमाने फसतोही. विकणाऱ्याने फसवलं असं मात्र क्वचितच झालं. बहुतेक वेळा आमचं आम्हीच हसं करून घेतलं, आणि त्यातल्या निम्म्या चुका तर दोघी बरोबर होतो म्हणूनच झाल्या. एकटं माणूस निदान गप्प तरी असतं.

सगळ्यात महाग चूक तोंडाने होते

"अगं हे बघ, आजीकडे होता तस्साच पानाचा डबा!" हे वाक्य मी एकदा पथारीपासून दोन हातांवर उभं राहून म्हटलं. त्यानंतर घासाघीस करण्यात काही अर्थच उरला नव्हता. तुमच्या डोळ्यांतली चमक पथारीवाल्याला तुमच्याआधी दिसते.

तेव्हापासून आमचं ठरलंय: जिला वस्तू आवडली तिने भाव विचारायचा नाही. ती बाजूला पुस्तकं चाळत उभी राहते. दुसरी आधी भलत्याच वस्तूचा भाव काढते, "हा पाना केवढ्याला?", मग जाता जाता डब्याचा. दुसऱ्या चुकीचं नाव आहे "जाऊ दे गं, शंभर रुपयांनी काय होतंय". हे वाक्य मैत्रीण विकणाऱ्यासमोर बोलली की तिला चहा पाजायला लावा. आणि सकाळी अजून भवानी झाली नसेल तर किंमत थोडी सैल असते हे खरं, पण म्हणून त्या माणसाला वीस रुपयांसाठी अर्धा तास उन्हात ताटकळत ठेवू नये. तेही आम्ही केलंय. लाज वाटते.

मैत्रीण निवडतानाही एक चूक होते. आपल्यासारखीच आवड असलेली मैत्रीण नेली की दोघी एकमेकींना चढवतात. माझी मैत्रीण बँकेत आहे आणि तिला जुन्या वस्तूंचं मुळीच वेड नाही; ती येते गर्दी बघायला आणि भजी खायला. म्हणूनच ती कामाची. आजवर तिने मला निदान दहा-बारा वस्तू घेऊ दिल्या नाहीत. त्यातल्या बहुतेक काय होत्या हेही आता आठवत नाही. दोनांबद्दल मात्र मी तिला अजून ऐकवते.

पितळ पिवळं दिसतं म्हणून घेऊ नका

पर्समध्ये एक चुंबक ठेवा, फ्रिजवरचं चालेल. पितळेला, तांब्याला, काशाला ते चिकटत नाही. चिकटलं तर आत लोखंड आहे आणि वर नुसता मुलामा. उलट बाजू लक्षात ठेवा: चिकटलं नाही म्हणून वस्तू पितळेचीच असं सिद्ध होत नाही, ॲल्युमिनियमलाही चुंबक चिकटत नाही. म्हणून हातात घेऊन वजन बघा, बुडाशी किंवा कानाच्या आतल्या बाजूला झिजलेल्या जागी खालचा रंग बघा. काशाची वाटी नखाने वाजवली तर नाद लांबत जातो. बद्द आवाज आला तर बहुधा कुठेतरी बारीक तडा आहे, आणि कासं ठिसूळ असल्यामुळे तो तडा वाढणारच.

भाव ठरवताना त्या दिवशीचा मोडीचा दर आधी विचारून जा. पितळेच्या भांड्याची किंमत त्याच्या मोडीपेक्षा कमी कुणी सांगणार नाही. सांगितली तर चुंबक पुन्हा काढा. प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकाचा छोटा काटा मिळतो, तो सोबत असला की चर्चा अंदाजावर चालत नाही.

खरी फजिती घरी आल्यावर होते. आतून उघडं पितळ असलेल्या पातेल्यात मी हौसेने कढी केली. ती कळकली आणि सगळी ओतून द्यावी लागली. ताक, चिंच, टोमॅटो, लिंबू यांना कल्हई लागतेच. जुन्या भांड्यात डोकावून बघा: चंदेरी थर सलग आहे, की मधून मधून पिवळं उघडं पडलंय? उघडं असेल तर कल्हईचा खर्च किमतीत धरा. कल्हईवाल्याचा पत्ता मिळत नसेल तर कसबा पेठेतल्या तांबट आळीत चौकशी करा, बाजारापासून लांब नाही. आणि कल्हई केलेलं भांडं रिकामं गॅसवर ठेवून फोन घ्यायला जाऊ नका. कल्हई म्हणजे कथलाचा थर, आणि कथील 232 अंश सेल्सिअसला वितळतं. परत येईपर्यंत तळाशी चंदेरी थेंब जमलेले असतात.

बुडाला किंवा कानापाशी डाख (वितळवलेल्या धातूचा जोड) दिलेला दिसला तर त्या भांड्यात स्वयंपाक नको. जुन्या डाखात शिसं असू शकतं. झाडाची कुंडी म्हणून चालेल.

घड्याळाचा चेहरा नवा आणि अंग जुनं

एचएमटीने 1961 मध्ये बंगळुरूला जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने घड्याळं बनवायला सुरुवात केली. नंतरच्या दोन पिढ्यांत लग्नात, पहिल्या पगाराला, निवृत्तीला हेच घड्याळ. त्यामुळे "बाबांकडे होतं तसं जनता" (एचएमटीचं एक मॉडेल) शोधणारे खूप, आणि त्यांच्यासाठी डायल रंगवून देणारेही खूप. आतलं यंत्र खरं असतं, केस दुसऱ्याची, काटे तिसऱ्याचे आणि डायल कालच रंगवलेली.

ओळखायचं कसं? केसवर तीस वर्षांचे ओरखडे आणि डायल मात्र आरशासारखी, हे जुळत नाही. फोनचा कॅमेरा मोठा करून अक्षरं बघा. रंगवलेल्या डायलवर त्यांच्या कडा पसरलेल्या असतात, तासांच्या खुणा नेमक्या जागी नसतात. झगझगीत गुलाबी किंवा पोपटी डायल दिसली तर विशेष सावध व्हा. मग किल्ली द्या, कानाला लावा, फोनच्या वेळेशी जुळवा आणि मैत्रिणीच्या हातात ठेवून पंधरा मिनिटं तिथेच फिरा. सुरुवातीला टिकटिकून दहाव्या मिनिटाला गप्प झालेली घड्याळं आम्ही पुष्कळ पाहिली. सर्व्हिसिंगचा खर्च कधी कधी घड्याळाच्या किमतीइतका होतो, तोही धरा. रंगवलेलं घड्याळ घेणं हा गुन्हा नाही, मीही एक वापरते. फक्त अस्सलचा भाव देऊ नका.

तबकड्या: माझी सगळ्यात मोठी चूक

ग्रामोफोनच्या जुन्या 78 आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या, तबकड्या लाखेच्या असतात. हे मला माहीत होतं. सुतार चपडी स्पिरिटमध्ये विरघळवून पॉलिश करतो, हेही लहानपणापासून पाहिलेलं होतं. चपडी म्हणजे लाखच. तरीही नाट्यसंगीताची एक तबकडी घरी आणून मी ती स्पिरिटच्या बोळ्याने पुसली. बोळा काळा झाला तेव्हा वाटलं, केवढी धूळ होती! ती धूळ नव्हती.

लाखेची तबकडी कोमट पाण्यात साध्या साबणाचा थेंब टाकून मऊ फडक्याने खाचांच्या दिशेने पुसायची. मधला कागदी लेबल कोरडा राहिला पाहिजे. मग सावलीत उभी वाळवायची. विकत घेताना तिरप्या उजेडात धरा, कडेपासून आत येणारी केसासारखी चीर दिसते. आणि ती एलपीच्या, म्हणजे नंतरच्या व्हिनाइल तबकड्यांच्या, सुईवर लावू नका, 78च्या खाचा रुंद असतात, त्यांना वेगळी सुई लागते. याच्या उलट, जुन्या ग्रामोफोनच्या पोलादी सुईखाली व्हिनाइलची एलपी ठेवली तर ती एका फेरीत खरवडली जाते. पोलादी सुईही तबकडीच्या दर बाजूला नवीन लावायची असते. कुणी "एकच सुई वर्षभर चालते" म्हणालं तर हसून पुढे जा.

ग्रामोफोनबद्दल एकच सांगते: चकचकीत पितळी कर्णा, षटकोनी खोकं आणि वर कुत्र्याच्या चित्राची पट्टी असं सुंदर प्रकरण दिसलं तर ते बहुधा अलीकडे जुळवलेलं असतं. शोभेला ठेवा, पण वारसा म्हणून पैसे देऊ नका.

नाणी आणि हस्तिदंत

राम दरबार कोरलेलं, "ईस्ट इंडिया कंपनी 1818" असं लिहिलेलं जाड नाणं कुणी लाखाच्या गोष्टी सांगत पुढे केलं, तर परत द्या. कंपनीने असं नाणं पाडलेलंच नाही.

हस्तिदंती मुठीचा अडकित्ता, सांबरशिंगाचा सुरा, वाघनख जडवलेलं लॉकेट, यांना हातही लावू नका. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे "आजोबांच्या काळातलं आहे" ही सबब चालत नाही. त्याच वर्षीचा पुरावशेषांचा कायदाही लक्षात असू द्या: शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, चित्र, नाणं किंवा कलाकुसरीची वस्तू पुरावशेष ठरते आणि ती देशाबाहेर नेता येत नाही. मैत्रिणीच्या न्यू जर्सीच्या बहिणीला "काहीतरी पेशवाई" हवं होतं. तिला आम्ही तांबट आळीतलं नवं मठारलेलं घंगाळ पाठवलं.

मुंबईच्या चोरबाजारात जाणार असाल तर वार बघून जा. मटन स्ट्रीटवरची दुकानं शुक्रवारी बंद असतात, पण त्याच दिवशी पहाटे रस्त्यावर जुम्मा बाजार भरतो. दुकानं बघायला शुक्रवारी दुपारी पोचलात तर नुसती शटरं बघून याल. आम्ही आलो.

दोघींना एकच वस्तू आवडली तर

यावर भांडण पथारीपाशी करायचं नाही. भाव ताबडतोब वाढतो. जिने आधी पाहिली तिची, असा नियम आम्ही केला होता, पण "आधी" कुणी पाहिली यावरच वाद झाला. आता आधी पैसे दोघींनी मिळून भरायचे आणि हक्काचं बोलणं बाहेर रसाच्या गाड्यावर.

शेवटची वस्तू अशीच घेतली: सागवानी लाकडाची कुलपाची पेटी. लाकूड घेताना भोकं बघायची राहून गेली, हीही एक चूक. जुनी भोकं आतून काळपट असतात, ती चालतात. आतून फिकट, ताजी दिसणारी आणि खाली पिठासारखा भुसा पडलेली असतील तर भुंगा अजून जिवंत आहे. अशी वस्तू थेट कपाटाशेजारी ठेवू नका. दोन-तीन आठवडे काळ्या कागदावर, घरातल्या इतर लाकडापासून लांब ठेवा आणि रोज कागद बघा. भुसा पडलाच तर वाळवीनाशक सिरिंजने एकेका भोकात सोडावं लागतं. आमची पेटी सध्या मैत्रिणीच्या गॅलरीत आहे. आज चौथा दिवस, आणि तिचा फोन अजून आलेला नाही.