बोगनवेल फुलेना, तेव्हा

गच्चीवर मधुमालती आणि बोगनवेल शेजारीशेजारी लावल्या आणि दोघींना रोज सारखंच पाणी घातलं. मधुमालती वर्षभरात कठडाभर पसरली. संध्याकाळी पांढरी उमलणारी तिची फुलं पुढे गुलाबी, मग लाल होतात, बघतच राहावं! बोगनवेलीला मात्र नुसती पानं. पाणी जास्त होत होतं, शेणखतही. मग तिची कुंडी दिवसभर ऊन मिळेल अशी हलवली, खत थांबवलं, आणि वरची 2 इंच माती सुकल्याशिवाय पाणी घालायचं नाही असं ठरवलं. पावसाळा सरल्यावर शेंडे छाटले, कारण फुलं नव्या फुटीवर येतात. दीड महिन्यात वेल रंगली. ती जाळीला स्वतः वेढे घालत नाही, सुतळीने बांधावी लागते. मधुमालतीचं पाणी उन्हाळ्यात चुकलं, की पानं लगेच माना टाकतात.