वाडीतला छोटा ट्रॅक्टर पावसाळ्यात घसरू नये म्हणून

मुरबाड-शहापूरकडच्या वाड्यांत किंवा येऊरच्या उतारांवर पावसाळ्यात छोट्या ट्रॅक्टरची मागची चाके जागच्या जागी फिरू लागली, तर आधी खाली उतरून चाक घसरते आहे की रुतते आहे, हे नीट पाहावे. खाली घट्ट मुरूम असून वर तांबड्या मातीचा निसरडा थर असेल, तर चाकांवरचे जादा वजन आणि टायरवर चढवायची लोखंडी साखळी दोन्हींचा उपयोग होतो. भातखाचरातल्या खोल चिखलात मात्र वजन वाढवले की चाक आणखी खाली जाते, म्हणून तिथे केज व्हीलच, म्हणजे पिंजऱ्यासारखे लोखंडी चाक, लावावे.

टायर झिजलेले नसावेत आणि हवा माहितीपुस्तिकेत शेतकामासाठी सांगितली आहे तेवढीच असावी, कारण रस्त्यासाठी कडक फुगवलेला टायर मातीला कमी टेकतो.

वजन वाढवण्यासाठी मागच्या टायरमध्ये पाणी भरणे हा माझ्या मते सर्वांत चांगला उपाय आहे, कारण हे वजन खालीच राहते. सीटमागे वाळूच्या गोण्या रचल्यास उतारावर ट्रॅक्टर कलंडण्याचा धोका वाढतो. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून पुढच्या चाकांना लाकडी ठोकळे लावावेत, मागचे चाक जॅकने उचलावे आणि वॉल्व्ह सर्वांत वर येईल असे फिरवावे. हवा सोडून, वॉल्व्हमधली पिन काढून, पाणी वॉल्व्हच्या पातळीला येईपर्यंत भरावे. तेव्हा टायर साधारण 75 टक्के भरतो, आणि उरलेल्या जागेत पुन्हा ठरलेल्या दाबाची हवा भरावी. दर लिटरमागे एक किलो वजन वाढते. थंड प्रदेशांत पाणी गोठू नये म्हणून त्यात क्षार मिसळतात. ठाण्यात साधे पाणी चालते. दोन्ही चाकांत पाणी सारखेच असावे, आणि मागे जड अवजार जोडल्यावर पुढची चाके उचलू लागली तर पुढेही लोखंडी वजने लावावीत, नाहीतर स्टिअरिंग हाताला लागत नाही.

एवढ्याने भागले नाही, तरच साखळीकडे वळावे. साखळी चाकापुढे सरळ पसरून, आकड्यांची टोके टायरला घासणार नाहीत अशी बाहेरच्या बाजूला ठेवून, ट्रॅक्टर हळूच तिच्यावर घ्यावा, दोन्ही टोके अडकवावीत आणि थोडे अंतर चालवून पुन्हा घट्ट करावी. शेतीच्या टायरवर साध्या शिडीसारख्या साखळीचे आडवे दुवे नक्षीच्या खाचांत बसतात व कामी येत नाहीत. तिथे जाळीदार साखळी घ्यावी. गवत कापणाऱ्या ट्रॅक्टरच्या सपाट टायरना शिडीची साखळी पुरते, मात्र खारघर-बेलापूरच्या सोसायट्यांतील पेव्हर ब्लॉकवर ती चढवू नये.

वजन योग्य झाले का, हे मोजता येते. टायरवर खडूची खूण करून चाकाच्या दहा फेऱ्यांत ट्रॅक्टर अवजार वर उचलून किती जातो आणि ते जमिनीत ओढत किती जातो, ते पाहावे. रिकामा 100 फूट व ओढताना 85 फूट गेला, तर घसरण 15 टक्के झाली. शेतात 10 ते 15 टक्के घसरण ठीक समजावी. त्याहून बरीच कमी भरली, तर थोडे वजन उतरवावे, कारण जादा भाराने ओली माती दबते आणि झाडांच्या मुळांना हवा मिळत नाही.