कोंबड्याच्या गळ्याची पिशवी तुंबली? या चुका टाळा

भाव वाढेल म्हणून आम्ही कापूस ओसरीत भरून ठेवला होता. त्यातून निघणाऱ्या गुलाबी अळ्या टिपायला आमचा सावकार दिवसभर त्या ढिगावर. सावकार म्हणजे कोंबडा, गावरान, तांबडा. अळीबरोबर कापसाचे तंतूही गिळले जातात, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. आठवडाभरात त्याच्या गळ्याखाली लिंबाएवढी घट्ट गाठ झाली आणि त्यानंतरच्या तीन दिवसांत करता येण्यासारख्या बहुतेक चुका आम्ही केल्या.

पहिली चूक म्हणजे संध्याकाळी गळा चाचपून घाबरणं, किंवा सकाळी न बघणं. कोंबडं दाणा आधी गळ्याच्या बुडाशी, छातीच्या जरा उजव्या अंगाला असलेल्या पिशवीत साठवतं. शाळेच्या पुस्तकात तिला अन्नपुट म्हणतात. झापाखाली जाताना ती टम्म भरलेलीच असायला हवी. रात्रभर दाणा हळूहळू खाली सरकतो आणि पहाटेला पिशवी रिकामी होते. म्हणून तपासायची वेळ एकच: सकाळी, दाणा टाकायच्या आधी. तेव्हाही ती भरलेली लागली तरच काहीतरी बिघडलंय.

बिघाड तीन तऱ्हेचा असतो आणि तो ओळखायच्या आतच औषध पाजणं ही दुसरी चूक. हाताला घट्ट, मळलेल्या कणकेसारखा गोळा लागला तर पिशवी तुंबली आहे. पाणी भरलेल्या फुग्यासारखी लागली आणि चोचीतून आंबूस घाण वास आला तर आतलं अन्न आंबलं आहे, त्यात बहुधा बुरशी वाढलेली असते. आणि पिशवी सैल पडून झोळीसारखी लोंबत असेल तर ती ताणली गेली आहे; ती पहिल्यासारखी होणं अवघड. अशा कोंबड्याला थोडं थोडं, दिवसातून तीन-चारदा खायला देऊन सांभाळावं लागतं.

आता सगळ्यात घातक चूक. “उलटा धर अन् गळा दाब, समदं बाहेर येतंय,” असं आत्या म्हणाली आणि मी धरला. कोंबड्याच्या श्वासनळीचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं. उलटं धरलं की पिशवीतलं पाणी थेट त्यात उतरतं. सावकाराचा तुरा बघता बघता काळानिळा पडला. तो वाचला ते नशीब. पशुवैद्य हे करतात तेव्हा त्यांना कधी थांबायचं ते कळतं, आपल्याला कळत नाही. औषध पाजतानाही हाच धोका असतो. चोच वर करून घशात धार ओतू नका. चोचीच्या कडेला थेंब लावा, तो स्वतः गिळेल.

घट्ट गोळा असेल, पण कोंबडा चालता-फिरता असेल, तर एक दिवस दाणा बंद ठेवून पाणी मात्र समोर ठेवायचं. चहाचा अर्धा चमचा खोबरेल, थंडीत थिजलेलं असेल तर कोमट करून, थेंबाथेंबाने द्यायचं. मग कोंबडा मांडीवर सरळ उभा धरून बोटांनी गोळा हळूहळू मोकळा करायचा, एका वेळी पाचेक मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. जोर लावायचा नाही. मी भाकरीचं पीठ मळावं तसं दाबलं होतं, तेही चूकच. दुसऱ्या दिवशी सकाळी फरक दिसला नाही तर घरचे उपाय थांबवा. पिशवी आंबूस, पाणचट असेल तर तेल आणि चोळणं दोन्ही टाळा आणि सरळ दवाखाना गाठा. बुरशीचं औषध वेगळं असतं. घरात उरलेली जनावरांची अँटिबायोटिकची गोळी दिली तर बुरशी उलट वाढते. फवारणीच्या सामानात मोरचूद असतो म्हणून अंदाजाने चिमूटभर पाण्यात टाकणारेही आहेत. मात्रा चुकली की ते विष होतं.

ब्लेडने पिशवी चिरून सुई-दोऱ्याने शिवणारे हात गावात असतात. त्यांच्या हातून वाचलेल्या कोंबड्याची गोष्ट सगळे सांगतात, मेलेल्यांची कुणी सांगत नाही. पिशवी आणि वरची कातडी वेगवेगळी शिवावी लागते, भूल द्यावी लागते. चोचीतून सुतळी किंवा दोरा लोंबत असेल तर तोही ओढू नका, आत कुठं अडकलाय ते दिसत नाही.

कोंबड्याचं दुखणं उशिरा कळतं, याला त्याचा स्वभावही कारण. दाणा दिसला की तो “कुक् कुक्” करून कोंबड्यांना बोलावतो, टिपून खाली टाकतो, आणि आपल्याला वाटतं तो खातोय. छातीचं मधलं हाड हाताला धारदार लागलं, विष्ठा हिरवी-पाणचट आणि थोडीच पडली, तर तो उपाशी आहे. मात्र पाणचट पिशवीसोबत मान वळत असेल, पाय लुळे पडले असतील, बाकीची कोंबडीही मलूल असतील, तर दुखणं पिशवीचं नाही. मानमोडी, म्हणजे राणीखेत या साथीच्या रोगातही पिशवीत पाणी साचतं. अशा वेळी तो कोंबडा लगेच वेगळा ठेवा आणि डॉक्टरांना बोलवा. १९६२ या टोल फ्री क्रमांकावर जनावरांच्या फिरत्या दवाखान्याची चौकशी करता येते. उदगीर आणि परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, अवघड केस असेल तर जवळचं गाठा.

फरशीच्या अंगणात किंवा खुराड्यात बांधलेल्या कोंबड्याला खडे मिळत नाहीत, आणि पोटात खडे नसले की दाणा दळला जात नाही. बांधकामाची वाळू चाळून ज्वारीच्या दाण्याएवढे खडे वाटीत ठेवा. शिंपल्याचा चुरा त्यासाठी चालत नाही, तो पोटात विरघळतो. उन्हाळ्यात पाणी सावलीत, माठाच्या खापरात ठेवा. तापलेलं पाणी ती पीत नाहीत आणि कोरडा दाणा पिशवीत घट्ट बसतो. कडब्याचे लांब तुकडे, शिळ्या चपातीचे लगदे, प्लॅस्टिकच्या पोत्याचे निघालेले धागे अंगणातून उचला.

सावकाराच्या पिशवीतून डॉक्टरांनी सुपारीएवढा कापसाचा बोळा काढला, त्यात पोत्याचा एक धागाही गुंडाळलेला. पुढं आठवडाभर त्याला उकडलेलं अंडं आणि भिजवलेली कणी थोडी थोडी दिली. नवव्या दिवशी पहाटे तो आरवला. कापसाच्या ढिगाला आता चारी बाजूंनी जुनी लुगडी बांधली आहेत, आणि तो रोज खालून डोकं घालून बघतो.