छोटी जाहिरात एजन्सी चालवताना: ब्रीफ, तास आणि दुरुस्त्या

चार-पाच जणांच्या क्रिएटिव्ह एजन्सीत कल्पना सहसा कमी पडत नाहीत. एजन्सी गाळात जाते ती तोंडी घेतलेल्या ब्रीफमुळे, म्हणजे क्लायंटला काय हवंय याच्या माहितीमुळे, आणि न मोजलेल्या तासांमुळे.

ब्रीफ क्लायंटशी बोलून एजन्सीनेच लिहावा, एका पानात, आणि काम सुरू करण्याआधी त्यावर लेखी होकार घ्यावा. त्यात हे असावं: जाहिरात कोणासाठी, ती पाहून त्या माणसाने काय करायचं, सांगायची एकच गोष्ट, तिला आधार काय, माध्यम आणि मापं, बजेट, तारीख, आणि अंतिम मंजुरी देणाऱ्याचं नाव. हे नावच हमखास राहून जातं. मग मॅनेजरने तीनदा पास केलेलं डिझाइन मालक पहिल्यांदा पाहतो आणि सगळं मुळापासून सुरू होतं. ‘एकच गोष्ट’ लिहिताना मध्ये ‘आणि’ आला, तर लगेच क्लायंटला फोन करा. एका जाहिरातीत दोन संदेश कोंबले की दोन्ही वाया जातात.

कॉपीरायटर (मजकूर लिहिणारा) आणि आर्ट डायरेक्टर (चित्र-मांडणी ठरवणारा) यांना पहिल्या दिवसापासून एकत्र बसवा. 1949 साली सुरू झालेल्या डॉयल डेन बर्नबाख या न्यूयॉर्कमधल्या जाहिरात एजन्सीत बिल बर्नबाख यांनी हीच पद्धत रुजवली. पूर्वी मजकूर आधी लिहून तो मांडणीसाठी पुढे सरकवला जाई. सुरुवातीला संगणक बंदच ठेवा. कागदावर पेन्सिलने काडेपेटीएवढी 20-30 चित्रं काढा आणि त्यातली 3 निवडा. स्क्रीनवर कच्ची कल्पनाही देखणी दिसते, म्हणून तिचा पोकळपणा उशिरा कळतो.

आता दर. प्रत्यक्ष काम करणारे 3 जण, महिन्याचे 22 दिवस, रोजचे 8 तास: एकूण 528. पण पिच (नवं काम मिळवण्यासाठीचं सादरीकरण), मीटिंगा, बिलं यांत बराच वेळ जातो, त्यामुळे विकता येणारे तास 60 टक्केच धरा, म्हणजे सुमारे 317. महिन्याचा सगळा खर्च अधिक नफा भागिले 317, हा तुमचा तासाचा दर. खर्चात स्वतःचा पगार धराच. तो वगळून काढलेला दर स्वस्त दिसतो, आणि पुढे माणूस नेमायची वेळ आली की परवडत नाही.

कोटेशनमध्ये दुरुस्तीच्या 2 फेऱ्या लिहा आणि फेरी म्हणजे काय तेही लिहा: सगळ्यांच्या सूचना एकत्र करून पाठवलेला एकच मेल. ब्रीफ बदलला तर ती दुरुस्ती नव्हे, नवं काम. त्याचं कोटेशन वेगळं. निम्मी रक्कम आगाऊ घ्या. ओपन फाइल (बदल करता येणारी मूळ डिझाइन फाइल) द्यायची की नाही, हेही तिथेच ठरवा. नंतर यावरून संबंध बिघडतात.

छपाईला फाइल देण्यापूर्वी सीएमवायके (छपाईच्या चार शायांतले रंग), प्रत्यक्ष मापात 300 डीपीआय (इंचाला 300 ठिपके), चारही बाजूंना 3 मिमी ब्लीड (कापणीसाठी कडेबाहेर वाढवलेलं डिझाइन) आणि फॉन्ट आउटलाइन केलेले (अक्षरांचे आकार बनवलेले), एवढं तपासा. बारीक काळा मजकूर फक्त काळ्या शाईत, म्हणजे के 100 मध्ये ठेवा; चार रंगांतून काळा केला की छपाईची प्लेट केसभर सरकली तरी अक्षरं धूसर होतात. प्रूफ (छपाईआधीची तपासणीची प्रत) मजकूर लिहिणाऱ्याने वाचू नये, दुसऱ्याने वाचावं. जाहिरातीतल्या नंबरवर खरोखर फोन लावा आणि क्यूआर कोड प्रत्यक्ष मापातल्या छापील प्रूफवरून स्कॅन करा, कारण स्क्रीनवर चालणारा कोड लहान आकारात छापल्यावर वाचला जाईलच असं नाही.