जहाजावर हुकूम देताना या चुका टाळा

जळगाव, धुळे, नंदुरबारकडची पोरं जहाजावर चढतात तेव्हा आवाज कमी पडल्याची तक्रार सहसा नसते. शेताच्या या बांधावरून त्या बांधाला हाक मारत तयार झालेला गळा असतो. अडचण येते ती थर्ड ऑफिसर (कनिष्ठ अधिकारी) झाल्यावर, ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवतात त्या खोलीत, स्वतःच्या तोंडून हुकूम द्यायची वेळ आली की. पट्टी चढते, वाक्य लांबतं आणि सुकाणूवरचा खलाशी मान वळवून बघतो, साहेबांना नेमकं काय हवंय? शांत, ठाम आवाज उपजतच असावा लागतो असं समजून पुष्कळ जण तिथेच हात टेकतात. खरं तर तो श्वास, शब्दांचा क्रम आणि हुकूम समोरच्याच्या तोंडून परत ऐकून घेण्याची शिस्त यांतून बनतो.

छाती भरून ओरडणं

घाबरलं की माणूस भसकन श्वास ओढतो आणि त्याच श्वासावर बोलू लागतो. मानेचे स्नायू आवळतात, स्वरयंत्र वर सरकतं, आवाज चिरका होतो. ऐकणाऱ्यापर्यंत शब्दांआधी भीती पोचते. म्हणून हुकमाआधी श्वास सोडा, पोटातून थोडा आत घ्या, मग बोला. याला दोन सेकंद लागतात, आणि जहाज इतकं सावकाश वळतं की दोन सेकंद जवळपास नेहमीच हाताशी असतात.

काही जण उलट टोकाला जातात, आवाज मुद्दाम जाड करतात. इंजिनाची घरघर खालच्या पट्टीतली असते, जाड आवाज तिच्यातच बुडतो. गोंगाटात शब्द ओळखू येतो तो व्यंजनांमुळे. तेव्हा आपल्या नेहमीच्या पट्टीत, पण प्रत्येक शब्दाचं शेवटचं अक्षर न गिळता बोला. अहिराणी हेल राहिला तरी बिघडत नाही. परदेशी वळणाचं इंग्रजी बोलायचा आव आणणारा जास्त गोंधळ घालतो.

सरावाला मे महिन्यातला घरचा कूलर उत्तम. तो फुल स्पीडवर लावा, त्याच्या पलीकडे तीन-चार मीटरवर कुणाला तरी वही घेऊन बसवा आणि न ओरडता दहा कोर्स (जहाजाच्या दिशेचे तीन अंकी आकडे) वाचून दाखवा. वहीत किती बरोबर उतरले ते मोजा. मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐकलं तर शेवटची अक्षरं कुठे गळतात तेही कळतं.

हुकमाला विनंतीचं रूप देणं

सुकाणूवरचा खलाशी वडिलांच्या वयाचा असतो. आपल्याकडे अशा माणसाला दादा, आबा म्हणायची रीत, त्यामुळे तोंडातून निघतं, ‘दादा, जरा स्टारबोर्डला (उजवीकडे) घेता का?’ आता किती अंश, कधी, आणि हा प्रश्न की हुकूम? मान संबोधनात ठेवा, चहाच्या वेळी ठेवा. हुकमात फक्त दिशा आणि आकडा: ‘स्टारबोर्ड टेन.’ शेवटच्या शब्दावर स्वर खाली आला पाहिजे. वर गेला की तोच हुकूम प्रश्न होतो.

आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ साली स्वीकारलेल्या प्रमाण वाक्यांमध्ये ‘मे’, ‘माइट’, ‘शुड’, ‘कुड’ हे शब्द टाळायला सांगितलं आहे, कारण त्यांत परवानगी, शक्यता आणि सल्ला यांची सरमिसळ होते. ‘इन्स्ट्रक्शन’, ‘क्वेश्चन’, ‘वॉर्निंग’, ‘इन्फर्मेशन’ असा एक शब्द आधी लावायची सोयही त्यातच आहे. रेडिओवर दुसऱ्या जहाजाशी किंवा किनाऱ्याशी बोलताना ती वापरा.

उलट ऐकून न घेणं

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. हुकूम चार टप्प्यांत पुरा होतो. तुम्ही म्हणता ‘पोर्ट फिफ्टीन’, म्हणजे सुकाणू डावीकडे पंधरा अंश. खलाशी तेच शब्द परत म्हणतो. चक्र फिरवतो. सुकाणू त्या कोनावर आलं की तसं कळवतो. या वेळी तुमचे डोळे सुकाणू-कोन दाखवणाऱ्या काट्यावर हवेत, आणि काटा हुकमाच्या बाजूलाच गेला ना, हे बघूनच पुढचं बोलायचं. नुसतं ‘येस सर’ चालवून घेऊ नका. ‘येस सर’ म्हणजे आवाज ऐकू आला, एवढंच.

१३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या जिल्यो बेटाजवळ कोस्टा कॉनकॉर्डिया हे प्रवासी जहाज खडकावर आदळलं, ३२ जण गेले. मूळ चूक किनाऱ्याला नको तितकं जवळ जाण्याची. पण शेवटच्या क्षणांत इटालियन कप्तानाचे हुकूम इंडोनेशियन सुकाणूधाऱ्याकडून चुकीचे घेतले गेल्याचंही तपासात नोंदलं आहे. आपल्या जहाजांवरही फिलिपिनो, युक्रेनियन, तमिळ, बंगाली असे सगळे एकत्र असतात, म्हणून ही शिस्त.

खलाशाने हुकूम चुकीचा परत म्हटला, तर चिडून आवाज चढवू नका. ‘मिस्टेक. करेक्शन, पोर्ट फिफ्टीन’ हा साचा तुमच्या चुकीसाठी. त्याच्या चुकीसाठी तोच हुकूम त्याच स्वरात पुन्हा. स्वर बदलला की त्याचं लक्ष चक्रावरून तुमच्या मूडकडे जातं.

आकडे घाईत सांगणं

फिफ्टीन आणि फिफ्टी वाऱ्यात सारखेच वाटतात. म्हणून कोर्स, बेअरिंग (एखादी वस्तू कोणत्या दिशेला दिसते तो कोन), अंतर यांचे अंक सुटे सुटे सांगा: ०८२ म्हणजे ‘झीरो एट टू’, १५० म्हणजे ‘वन फाइव्ह झीरो’. सुकाणूचा कोन मात्र याला अपवाद आहे, तिथे ‘फिफ्टीन’, ‘ट्वेंटी’ असंच म्हणतात. पुस्तक न वाचता नुसतं पाठ केलेले इथे हमखास अडखळतात.

नकारातून सांगणं

मूरिंगच्या, म्हणजे जहाज दोरांनी धक्क्याला बांधण्याच्या, वेळी दोर ताणलेला आहे आणि कुणी वॉकी-टॉकीवर ओरडलं, ‘डोंट लेट गो!’ बटण दाबायला जरा उशीर झाला, पहिला शब्द कापला गेला, आणि पलीकडे पोचलं ‘लेट गो’. दोर सुटला. म्हणून जे करायचं नाही ते सांगू नका, जे करायचं ते सांगा: ‘होल्ड ऑन’. तुटणारा दोर ज्या पट्ट्यात फटकारतो तिथून माणूस हलवायचा असेल तरी ‘तिथे उभा राहू नको’ नको, ‘मागे ये, विंचच्या (दोर ओढायच्या यंत्राच्या) मागे’ म्हणा.

हेच अक्कलकुवा-अक्राणीकडे नर्मदेच्या बॅकवॉटरमधल्या बोटीतही लागू आहे. काठ आला की सगळे एका बाजूला उठतात. ‘उठू नका’ला कुणी जुमानत नाही. ‘बसा. पुढची बाक आधी’ म्हटलं की हालचाल थांबते, कारण प्रत्येकाला आपली पाळी कळते.

रेडिओवर ओरडणं

व्हीएचएफ संचातली व्यवस्था मोठा आवाज कापून टाकते, त्यामुळे ओरडल्याने तो दूर जात नाही, फाटतो. माइक तोंडापासून पाचेक सेंटिमीटरवर, किंचित तिरका धरा, म्हणजे श्वासाचा फुत्कार थेट आत जात नाही. बटण दाबून एक सेकंद थांबा, मग बोला. बोलणं संपल्यावर ‘ओव्हर’ म्हणून मगच बटण सोडा.

संकटात चॅनल ७० वर डीएससी अलर्ट (बटण दाबून जाणारा डिजिटल इशारा), मग चॅनल १६ वर आवाजाने: ‘मेडे’ तीन वेळा, जहाजाचं नाव तीन वेळा, कॉल साइन (जहाजाची रेडिओवरची खूण) आणि एमएमएसआय (जहाजाचा रेडिओ ओळख क्रमांक). त्यानंतर ‘मेडे’, नाव, कॉल साइन, एमएमएसआय पुन्हा एकदा, आणि मग स्थान, काय झालं, कोणती मदत हवी, जहाजावर किती जण. स्थान आधी आलंच पाहिजे. पुढचं तुटलं तरी शोधणाऱ्याला निघता येतं. हा क्रम कार्डावर लिहून संचाशेजारी लावून ठेवतात. पाठ असला तरी त्यावर बोट ठेवून वाचा, वेग आपोआप उतरतो.

कप्तानाला उशिरा आणि गुळमुळीत सांगणं

रात्री दोनला मोठ्या साहेबांना उठवायचं म्हटलं की आवाज आणखीच बारीक होतो: ‘सर, एक जहाज दिसतंय बहुतेक…’ यातून कप्तानाला उठून यायचं की नाही तेच कळत नाही. आधी काय हवं ते सांगा: ‘कॅप्टन सर, प्लीज कम टू द ब्रिज.’ मग जहाज कोणत्या बाजूला, अंतर किती, किती मिनिटांत किती जवळून जाणार, आणि तुम्ही आत्तापर्यंत काय केलंय. फोन उचलण्याआधी हे आकडे रडारवरून कागदावर उतरवून घ्या. ‘बहुतेक’, ‘वाटतंय’ काढून टाका. खात्री नसेल तर ‘लक्ष्याचा वेग अजून स्थिर झालेला नाही’ असं नेमकं म्हणा. कप्तान झोपेतच ‘ठीक आहे’ पुटपुटला, तर फोन ठेवू नका. ‘सर, तुम्ही येताय का?’ हे विचारा आणि उत्तर ऐका.